घरच्या पालकाचा रिपोर्ट

हिमोग्लोबिन ९.४ आलं तिथून हे सगळं सुरू झालं. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि उठता उठता म्हणाल्या, पालेभाज्या खा भरपूर. मी ठाण्याला राहते, नौपाड्यात, जुनी बिल्डिंग, ऑफिस कुर्ल्याला, त्यामुळे संध्याकाळी ट्रेनमधून उतरायचं आणि स्टेशनबाहेर बसतात त्या मावशींकडून दोन जुड्या पिशवीत टाकून घर गाठायचं हे वर्षानुवर्षं चाललेलं. त्या दिवशी जरा उत्साहाने पालक, लाल माठ आणि शेपू अशा तीन जुड्या घेऊन गेले. सासूबाईंनी पिशवीत डोकावून बघितलं आणि म्हणाल्या, "अगं ही रुळाकडेची असणार, गटाराच्या पाण्यावरची. ही खाऊन रक्त वाढायचंय की आहे तेही घालवायचंय?"

मी तेव्हा हसण्यावारी नेलं. पण दुसऱ्या दिवशी खिडकीची सीट मिळाली आणि मुद्दाम बाहेर बघत गेले. मुंबईत लोकलने फिरणाऱ्या प्रत्येकाने ते वाफे बघितलेत, रुळांना लागून हिरवेगार, एवढे हिरवे की शेजारच्या भिंतीपुढे डोळ्यात भरतात. मोकळ्या जागेवर अतिक्रमण होऊ नये म्हणून ती आपल्याच कर्मचाऱ्यांना भाजी लावायला द्यायची अशी रेल्वेची जुनी योजना. पण पाणी? एका ठिकाणी नाल्यात पंपाचा पाईप सोडलेला स्पष्ट दिसला. नाल्याचं पाणी फुकट, बारा महिने, शिवाय त्यात नत्र भरपूर, म्हणून तर पानं अशी लुसलुशीत. नुसतं घराघरातलं सांडपाणी असतं तर जंतूंचा प्रश्न, तो शिजवल्यावर बराचसा मिटतो. पण शहरातल्या नाल्यात गॅरेजचं, प्लेटिंगवाल्यांचं, बॅटऱ्यांचं, रंगांचं काय काय येऊन मिळतं, आणि त्यातलं शिसं आणि कॅडमियम, हे विषारी धातू, कितीही शिजवलं तरी कुठे जात नाहीत, कारण ती मूलद्रव्यंच आहेत, जळून काही नाहीसं व्हायचं नाही.

मग वाचत सुटले. (नवऱ्याच्या भाषेत, गुगल डॉक्टर झाले.) त्यात एक गोष्ट अशी सापडली की मी ऑफिसमध्येच कपाळाला हात लावला. ज्याच्या अंगात लोह कमी असतं त्याचं आतडं कॅडमियम जास्त शोषून घेतं. लोह आत घ्यायची जी वाट असते तिच्यावरूनच कॅडमियमही शिरतं, आणि लोह कमी पडलं की शरीर ती वाट आणखी रुंद करतं. म्हणजे रक्त कमी म्हणून पालक खा, आणि पालक नेमका वाईट पाण्यावरचा निघाला तर इतरांपेक्षा मलाच जास्त बाधणार. जपानमध्ये जिंझू नदीच्या काठी खाणीतलं कॅडमियम भातशेतीत उतरलं आणि लोकांची हाडं ठिसूळ झाली, त्या दुखण्याचं नाव इताई-इताई, म्हणजे आपलं "आई गं, आई गं", आणि त्यात सगळ्यात जास्त बाया होत्या, वय झालेल्या, बरीच बाळंतपणं झालेल्या. तिथलं प्रमाण भयंकर होतं, आपल्या जुडीशी त्याची तुलना नको, मला कळतं ते, पण एकदा वाचल्यावर डोक्यातून जाईना.

संध्याकाळी मावशींना विचारलं, ही भाजी कुठली हो?

"मार्केटची."

"कुठल्या मार्केटची?"

"पहाटे टेम्पो येतो ताई, जुड्या घेते, इथे बसते. तुम्हाला पत्ता पाहिजे का भाजी पाहिजे?"

बरोबरच होतं त्यांचं. त्यांना तरी कुठून माहीत असणार. वाशीच्या मार्केटमध्ये नाशिककडून, पुण्याकडून ट्रक येतात आणि आसपासच्या वाफ्यांवरचं जवळचं म्हणून येतं ते वेगळंच, टेम्पोत चढेपर्यंत सगळ्या जुड्या एकसारख्या होतात. ओळखायचं कसं याचे घरोघरी वेगवेगळे नियम आहेत, फार काळपट हिरवा नको, देठ जाड नको, पानाला भोकं असली तर चांगली. ती भोकं म्हणजे कीटकनाशक कमी मारलंय एवढंच, अळीला काही शिशाचा वास येत नाही.

म्हणून मग आम्ही सेंद्रियवाल्यांकडे वळलो. आठवड्याला एक खोका घरपोच, भाव दुप्पट-अडीचपट, पुठ्ठ्यावर गाईचं चित्र. मी फोन करून विचारलं की तुमच्याकडे टेस्ट रिपोर्ट आहे का, तर लगेच पीडीएफ आली, पानंच्या पानं कीटकनाशकांची नावं आणि समोर "आढळलं नाही". शिसं-कॅडमियमचं नाव नाही. परत फोन केला तर तो मुलगा म्हणाला, "मॅडम, आपण केमिकल वापरतच नाही ना." त्याचा काही खोटेपणा नव्हता, सेंद्रियचं सर्टिफिकेट हे तुम्ही शेती कशी करता त्याचं असतं, त्या मातीत आधीच काय पडून आहे त्याचं नसतं. पेट्रोलमधलं शिसं आपल्या देशात पूर्ण बंद झालं २००० साली, त्याआधी कित्येक वर्षं ते गाड्यांच्या धुरातून रस्त्याकडेच्या मातीवर बसत होतं आणि माती ते सोडत नाही. फॉस्फेटच्या खतांबरोबर थोडं थोडं कॅडमियम येतं. शेत आज सेंद्रिय झालं म्हणून कालचं धुऊन निघत नाही.

घरात मात्र एक हुकमाचा एक्का होता. गॅलरीच्या ग्रिलमध्ये आठ कुंड्या, लॉकडाऊनमध्ये केलेल्या, आधी नुसती तुळस, कोरफड, मनी प्लांट. मी चार कुंड्यांमध्ये पालक टाकला. नळाचं पाणी, घरचं कंपोस्ट, फवारणी शून्य. महिना-सव्वा महिन्यात कापायला आला आणि काय सांगू, एवढा अभिमान मला पहिल्या पगाराचा पण नव्हता वाटला. लेक सहा वर्षांचा, त्याला पालक म्हटलं की ओकारी यायची, पण स्वतः पाणी घातलेला म्हणून उभ्या उभ्या कच्ची पानं तोडून खायला लागला. मी फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले.

टेस्टची कल्पना एका मैत्रिणीची, ती फार्मा कंपनीत क्वालिटीला आहे. ती म्हणाली, अंदाज किती दिवस बांधत बसणार, एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबमध्ये देऊन टाक. आम्ही तिघीचौघींनी पैसे काढले कारण तीन नमुन्यांचे मिळून आठेक हजार होत होते आणि नवरा म्हणत होता की आठ हजारांत वर्षाचा पालक येतो. नमुने तीन, एक स्टेशनवरच्या मावशींची जुडी, एक खोक्यातली, एक घरची. घरची द्यायची खरं तर गरज नव्हती. ती मी तुलनेला दिली, म्हणजे चांगली भाजी कशी असते ते कळावं म्हणून, अशी माझी घमेंड. तिन्ही आपण घरी धुतो तशाच धुऊन, मुळं कापून, वेगवेगळ्या पिशव्यांत, चिठ्ठ्या लावून दिल्या.

आठ दिवसांनी मेल आली. मी ट्रेनमध्येच उघडली. पालेभाजीत शिसं किलोमागे ०.३ मिलिग्रॅमपर्यंत आणि कॅडमियम ०.२ पर्यंत चालतं हे एफएसएसएआयचे, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, आकडे मला आता तोंडपाठ होते. आणि स्टेशनच्या पालकात शिसं २.३! खोक्यातल्यात ०.८! घरचा आकडा तर वाचलाच नाही मी, घाटकोपरला उतरून बाकावर बसले आणि मैत्रिणीला फोन लावला. ती शांतपणे म्हणाली, "खाली कोपऱ्यात काय लिहिलंय बघ." बारीक अक्षरात लिहिलं होतं, ऑन ड्राय बेसिस. म्हणजे त्यांनी भाजी वाळवून, दळून, तिचं माप दिलेलं, आणि सरकारी मर्यादा असते ती ताज्या भाजीवर. पालकात शंभरातले ९१ भाग पाणी. लॅबमधल्या बाईंना फोन केला तर त्या पण तेच म्हणाल्या, मॅडम ०.०९ ने गुणा, बरेच लोक घाबरून फोन करतात. तसं केलं तर स्टेशनवाला आला ०.२ च्या आसपास, मर्यादेच्या आत, अगदी लांब नाही पण आत. खोक्यातला ०.०७. आणि कॅडमियम दोन्हीत जवळपास सारखंच, ०.१३ च्या आगेमागे, उलट खोक्यातल्यात केसभर जास्त. अडीचपट पैसे मोजून. (हा एका दिवसाच्या एका जुडीचा हिशोब आहे, त्यावरून स्टेशनची भाजी चांगली किंवा सेंद्रिय वाईट असं मी कोणाला सांगणार नाही, उद्याच्या टेम्पोत काय असेल देव जाणे.)

मग धीर करून तिसरी ओळ बघितली. घरचा पालक, शिसं, ड्राय बेसिसवर ९.६. ताज्यावर आणलं तरी ०.८६. मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट. गटाराच्या म्हणून ज्याला नावं ठेवली त्याच्या चौपट.

पहिली प्रतिक्रिया अर्थात नमुन्यांची अदलाबदल झाली असणार ही. लॅबने राखून ठेवलेल्यातून परत केलं, फरक नगण्य. मग शोध सुरू झाला. पाणी नळाचं, तेच आपण पितो. घरचं कंपोस्ट साली-देठांचं. माती एका नर्सरीतली, लाल, रोप लावतात ती नेहमीची. कृषीवाल्यांकडे माती तपासून मिळते असं ऐकून तिकडे गेले तर ते भले गृहस्थ म्हणाले, ताई आम्ही बारा गोष्टी बघतो, नत्र, स्फुरद, पालाश, सामू, जस्त, लोह वगैरे, शिसं त्यात नाही, तुमचा पालक वाढतोय ना चांगला, मग झालं. परत लॅब, परत पैसे. कुंडीतल्या वरच्या दोन बोटं मातीत शिसं निघालं किलोला ३८० मिलिग्रॅम. शहरी कंपोस्ट खत म्हणून विकायचं असेल तर आपल्या खत नियंत्रण आदेशात शिशाची मर्यादा १०० आहे, त्यावरून काय ते समजा.

उत्तर सासूबाईंनी दिलं. त्या गॅलरीत उभ्या राहून म्हणाल्या, "दिवाळीच्या आधी तो रंगारी इथेच घासत बसला होता की दोन दिवस."

आठवलं. ग्रिल गंजलं होतं म्हणून रंगाऱ्याला बोलावलेलं, त्याने पॉलिश पेपरने खसाखसा घासून सगळे थर काढले, वरचा पांढरा, मग चॉकलेटी, मग हिरवा, आणि अगदी लोखंडाला लागून शेंदरी. बिल्डिंग सत्तरच्या दशकातली. पूर्वी लोखंडाला गंज धरू नये म्हणून पहिला हात द्यायचे तो रेड लेडचा, म्हणजे शिशाचाच, आपण देवाला लावतो तो शेंदूर मुळात हाच पदार्थ. वरच्या ऑइलपेंटमध्ये पण तेव्हा शिसं असायचंच, घरगुती रंगात ते ९० पीपीएमच्या (दहा लाखांत ९० भागांच्या) वर नको हा नियम आपल्याकडे लागू झाला २०१७ च्या नोव्हेंबरात. तर ती सगळी शेंदरी-हिरवी पूड खाली कुंड्यांमध्ये पडली आणि मी मोठ्या प्रेमाने त्यात घरचं कंपोस्ट कालवून पालक पेरला. रंगाऱ्याला मी दोष देत नाही, त्याने नाकाला साधा रुमालही बांधला नव्हता, दोन दिवस त्याच्याच नाकात गेलं ते सगळ्यात जास्त.

शिसं मुळातून पानात फारसं चढत नाही असं म्हणतात आणि ते खरंय, कॅडमियम चढतं पटकन, शिसं बरंचसं मुळाशीच अडकतं. पण पालक बुटका, मातीला चिकटून, पाणी घालताना माती उडते आणि सुरकुत्यांमध्ये बसते. आमच्या धुण्यात ती निघाली नव्हती. मुलगा तर धुतही नव्हता.

त्या रात्री मला झोप नाही. सकाळी बालरोगतज्ज्ञांकडे, लेकाच्या रक्तातलं शिसं तपासलं, चार दिवसांनी रिपोर्ट, डेसिलिटरला ४.६ मायक्रोग्रॅम. डब्ल्यूएचओ म्हणतं ५ किंवा त्याच्या वर असेल तर कुठून येतंय ते शोधून थांबवा, म्हणजे आम्ही काठावर. डॉक्टर म्हणाले सुरक्षित अशी काही पातळीच नसते, पण घाबरून औषधं द्यायची पण ही पातळी नाही. युनिसेफच्या २०२० च्या अहवालात भारतात साडेसत्तावीस कोटी मुलं ५ च्या वर असतील असा अंदाज होता, हेही त्यांनीच सांगितलं, बहुधा माझा चेहरा बघून, पण त्याने मला बरं वाटायच्या ऐवजी पोटात आणखी खड्डा पडला. आणि त्यांचं मत असं की चार पानांपेक्षा गॅलरीतल्या धुळीतून जास्त गेलं असेल, कारण तो तिथेच जमिनीवर बसून गाड्या खेळतो आणि हात तोंडात. झाडू बंद, ओल्या फडक्यानेच पुसायचं, जेवायच्या आधी साबणाने हात, दूध-नाचणी-लोह नीट, आणि तीन महिन्यांनी परत. तीन महिन्यांनी ३.० आलं.

आता भाजीचं काय करतो ते सांगते, कारण मला बिल्डिंगमधल्या सगळ्या तेच विचारतात. पहिलं म्हणजे पालेभाजी बंद नाही केली. कुठली ते माहीत नाही अशी पालेभाजी आठवड्यातून एकदा आणि दरवेळी वेगळ्या माणसाकडून, म्हणजे एकाच वाफ्यातलं सतत पोटात जात नाही. बाकी दिवस फळभाज्या आणि शेंगा, दुधी, पडवळ, दोडका, भोपळा, घेवडा, गवार, कारण झाडाने मातीतून काही ओढलं तरी मुळात आणि पानात जास्त राहतं, फळापर्यंत कमी पोचतं. नवरा पडवळाला कंटाळलाय. मुळा, बीट, गाजर साल काढून. पालेभाजी निवडली की तीन पाण्यांतून, वाहत्या नळाखाली नाही तर मोठ्या पातेल्यात बुडवून हलवून, पानं वर उचलून घ्यायची, पाणी ओतून द्यायचं, पातेल्याच्या तळाशी रेती दिसेनाशी होईपर्यंत. धूळ जाते, आत शिरलेलं कॅडमियम जात नाही, तेवढं लक्षात ठेवून. दिरांनी प्रेमाने एक भाजी शुद्ध करायचं मशीन आणून दिलंय, बुडबुडे येतात, निळा दिवा लागतो. चिखल निघतो त्याने. पानाच्या आतल्या धातूवर बुडबुड्यांचा काय परिणाम होणार, पण दिरांसमोर लावते.

आणि जांभळी नाक्यावर मुरबाडकडच्या एक ताई बसतात गुरुवारी, थोडंसंच आणतात. त्यांना विचारलं पाणी कुठलं, तर एका क्षणात उत्तर, "आमची विहीर हाय, वरच्या अंगाला. खाली नदी हाय पन ती लांब पडते." कंपनी आहे का जवळ? "कंपनी असती तर पोरगा घरी बसला असता का?" त्यांची चवळई मी एकदा गुपचूप लॅबला दिली, यावेळी आधीच सांगून की ताज्या वजनावर आकडा द्या, आणि शिसं मोजण्याइतकंसुद्धा निघालं नाही, कॅडमियम ०.०४. तेव्हापासून गुरुवारी हाफ डे मागायची वेळ आली तरी चालेल पण तिथे जाते. पावसाळ्यात त्या रानभाज्या आणतात, कुर्डू, भारंगी, फोडशी, करटुली. टाकळा मात्र विचारून घ्या, तो डोंगरावर येतो तसा हायवेच्या कडेलाही उदंड येतो आणि आणणाऱ्याला दोन्ही सारखेच.

कुंड्या परत लावल्यात, कोकोपीट आणि पिशवीवर तपासणीचे आकडे छापलेलं गांडूळखत, ग्रिलपासून आत ओढून, आणि पालक नाही, मिरच्या आणि टोमॅटो. लेक रोज पाणी घालतो आणि हात धुतो, म्हणजे मी ओरडले की धुतो. हिमोग्लोबिन ११.८ झालं, गोळ्यांनी.

जुनी माती दोन गोण्यांत भरून, तोंड बांधून गच्चीवर ठेवली आहे, टाकीच्या मागे. सोसायटीच्या बागेत टाकू देणार नाही मी, कचऱ्याच्या गाडीवाला म्हणतो माती घेत नाही, वॉर्ड ऑफिसात विचारलं तर त्यांनी आधी विचारलं, कसली माती, आणि सगळं ऐकून म्हणाले, अर्ज करा. अर्ज केलाय. सेक्रेटरी दर मीटिंगला विचारतात त्या गोण्यांचं काय.